अनुभव : साडीला फॉल लावणे

सरस्वतीला कारखान्यात लागून अकरा आठवडे झाले होते, तेव्हा टाइम ऑफिसबाहेरच्या फळ्यावर ती नोटीस लागली. गुजरातीत टाइप केलेला अर्धा कागद आणि खाली साहेबांची सही. जेवणाच्या सुट्टीत डबे धुवायला नळाकडे जाताना पॅकिंगच्या बायका रोज त्या फळ्यापुढून जात, पण थांबत कुणी नसे. सुट्ट्यांची यादी, नाहीतर कुणाला तरी मिळालेली ताकीद, यापलीकडे तिथे वाचण्यासारखं काही लागतच नव्हतं.

सरस्वती मात्र थांबायची. तिला गुजराती वाचायला शिकायचं होतं. शिंदखेड्याजवळच्या तिच्या गावी ती मराठीत दहावीपर्यंत शिकली होती. सुरतेत येऊन बारा वर्षं झाली, बोलता सगळं येत होतं, पण दुकानाची पाटी वाचायची म्हटलं की तिचं अडायचं. नोकरी लागल्यापासून कंपनीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसायची आणि बमरोलीपासून इच्छापोरपर्यंत दिसेल ती पाटी वाचत जायची. आपलीच अक्षरं, फक्त डोक्यावरची रेघ काढून टाकलेली. दहा-बाराच तेवढी वेगळी. ती पाठ झाल्यावर बाकीची आपोआप लागत गेली.

तर त्या दिवशी तिने ओलाच डबा हातात धरून नोटीस वाचली. तपासणी खात्यात एक जागा भरायची आहे. काम : मोजे बघणे. वेळ : सकाळी आठ ते पाच. कंपनीतील कामगारांनी आठ दिवसांत अर्ज द्यावा.

मोजे बघणे म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. तो यार्नचा कारखाना. मोठ्या मशिनवर पॉलिस्टरचा धागा तापवून, पीळ देऊन बॉबिनवर गुंडाळला जायचा. धागा सगळा पांढराच, बघणाऱ्याला एकसारखा. पण एखाद्या ठिकाणी मशिन जरा जास्त तापलं, की तो धागा पुढे रंग वेगळा पितो. विणकर त्याची साडी विणतो, मिलमध्ये ती रंगते, आणि रंगल्यावर मधूनच एक पट्टा उठून दिसतो. मग बोंबाबोंब. म्हणून प्रत्येक बॉबिनचा थोडा थोडा धागा घेऊन, एकापुढे एक असा लांबलचक मोजा विणायचा, तो निळा रंगवायचा, आणि दिव्याखाली धरून कुठलं वलय गडद, कुठलं फिकं ते सांगायचं. वेगळी दिसलेली बॉबिनं बाजूला काढायची. हे काम करणाऱ्याला सगळे मोजावाला म्हणायचे. आधीचा मोजावाला गावी निघून गेला होता.

सरस्वतीने नोटीस दोनदा वाचली. मग डबा पुसला आणि कामावर गेली. अर्ज करायचा हे तिचं तिथेच ठरलं होतं.

बाहेरून बघणाऱ्याला हे आगाऊपणाचं वाटलं असतं. तीन महिनेही न झालेली बाई, पॅकिंगमधली, खोक्याला पट्टी मारणारी. पण तिला जे माहीत होतं ते बाकीच्यांना माहीत नव्हतं. या नोकरीच्या आधी सात वर्षं ती बमरोलीतल्या घरी बसून साड्यांना फॉल लावत होती. व्यापाऱ्याकडून साड्यांचा गठ्ठा यायचा, सोबत फॉलचं एक पोतं, सगळे रंग एकात एक मिसळलेले. जुळवणी तिनेच करायची. जरा चुकलं की मुनीम साडी परत पाठवायचा. पहिल्या वर्षी पुष्कळ परत आल्या. मग तिला कळत गेलं की ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात जुळतोच असं नाही. डाळिंबी, राणी, विटकरी, अबोली, मोतिया, शेवाळी, मोरपंखी, ही नुसती नावं झाली. एकट्या राणी रंगाचेच तिने अकरा प्रकार वेगळे ओळखले असते. साडी आणि फॉल घेऊन ती ओट्यावर यायची, एकदा उजेडाकडे तोंड करून बघायची, एकदा पाठ करून. शेवटच्या तीन वर्षांत एकही साडी परत आली नाही.

मग व्यापाऱ्याने फॉलचं काम एका हॉलमध्ये मशिनवर घेतलं आणि घरोघरचे गठ्ठे बंद झाले. पंच्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. शेजारच्या इंदुबाई नऊ वर्षं इच्छापोरला पॅकिंगमध्ये होत्या, नात्याने सरस्वतीच्या नवऱ्याच्या लांबच्या बहीण. त्यांनी सुपरवायझरला शब्द टाकला आणि सरस्वतीला कामावर लावलं.

कारखान्यात तिचे डोळे गप्प बसेनात. सहाव्या आठवड्यात एका लॉटची खोकी भरताना तिला काही बॉबिनं खटकली. नंबर तोच, लेबल तेच, पण बाकीची दुधासारखी आणि ही ताकासारखी. तिने एक बॉबिन उचलून सुपरवायझरला दाखवलं.

"नंबर बघ," तो म्हणाला.

"नंबर बरोबर आहे. धागा नाही."

"मग भर. तुझं काम भरायचं आहे."

तिने भरली. तीन आठवड्यांनी त्यातली चौदा खोकी परत आली. विणकराच्या कापडात पट्टे पडले होते. दोन लॉट एकमेकांत मिसळले गेले, एवढंच कारखान्यात सगळ्यांना कळलं. सरस्वतीने आधी सांगितलं होतं, हे सुपरवायझर बोलला नाही आणि ती स्वतःही बोलली नाही. शेजारच्या टेबलावरून इंदुबाईंनी तेवढं ऐकलेलं होतं.

नोटीस लागली त्या संध्याकाळी बसमध्ये दोघी नेहमीसारख्या शेजारी बसल्या. रस्त्याकडेच्या तारांवर उत्तरायणातले फाटके पतंग अजून लोंबत होते. सरस्वतीने पाट्या वाचल्या नाहीत. घरी आणि शेजारात दोघींची बोली अहिराणीच.

"जिजी, फळ्यावर नोटीस लागेल शे. देखी का?" तिने विचारलं.

"माले कोठे वाचता येस. काय शे?"

सरस्वतीने सांगितलं. इंदुबाईंचा चेहरा उजळला, मग पुन्हा नेहमीसारखा झाला. या खात्यात जाण्यासाठी त्यांनी याआधी दोनदा अर्ज केले होते. बसून करायचं काम, पंख्याखाली. दोन्ही वेळा पुढच्या वेळी बघू असं उत्तर मिळालं होतं.

"मनी पाळी शे आते," त्या म्हणाल्या. "नऊ वरीस व्हयनात."

"तुम्हीन अर्ज कराच, जिजी. मी भरी देसू." सरस्वती जरा थांबली. पुढचं वाक्य सांगायचं राहिलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला क्षणभर वाटलं. पण हे दुसऱ्या कुणाकडून त्यांच्या कानावर गेलं असतं तर ते जास्त लागलं असतं. "आनि मी बी अर्ज करसू."

इंदुबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि मांडीवरची पिशवी उचलून छातीशी धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये त्या पुढच्या बाकावर, दुसऱ्याच एका बाईशेजारी जाऊन बसल्या.

घरी हिलालला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हे पटलं नाही. तो पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगाच्या मशिनवर होता, शांत माणूस, आवाज न चढवता बोलणारा.

"इंदुबाईनीच तुले तठे लई गई ना," तो भाकरी मोडत म्हणाला. "आते तिनाच आडवी जाशी का?"

"आडवी नही. तिना बरोबर जासू. जागा कोनले देवानी ते साहेब ठरावतीन."

"तीन महिना बी नही व्हयनात तुले. लोके काय म्हनतीन?"

"म्हनू द्या. मी आयकी लेसू." तिने त्याच्या ताटात भाजी वाढली. "तुम्हीन सांगा, रंगनं काम माले येस का नही?"

हिलालने भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला. दिवसभर रंगात हात घालणारा तो माणूस. घरी गठ्ठे यायचे तेव्हा कधी कधी गंमत म्हणून तोही जुळवून बघायचा आणि हरायचा.

"येस," तो शेवटी म्हणाला. "मनापेक्षा चांगलं येस."

सरस्वतीने आधी इंदुबाईंचा अर्ज भरला. त्यांच्या दारात जाऊन, चटईवर बसून, एकेक रकाना वाचून दाखवत. इंदुबाईंनी विचारलेल्याची उत्तरं दिली, सही केली आणि चहा दिला नाही. मग घरी येऊन तिने स्वतःचा भरला. नाव, वय चौतीस, शिक्षण दहावी. अनुभवाच्या रकान्याशी ती अडली. पॅकिंगचे अकरा आठवडे लिहिले, तेवढ्याने रकान्याचा एक कोपराच भरला. तिने पुन्हा पेन उचललं आणि बिनरेघेच्या अक्षरांत, एकेक अक्षर बेताने जोडत लिहिलं : साडीला फॉल लावणे, रंग जुळवणे, सात वर्षं.

टाइम ऑफिसच्या क्लार्कने दोन्ही अर्ज हातात घेतले. इंदुबाईंचा ठेवला, तिचा परत सरकवला.

"बेन, तुमचं नाव अजून कच्च्या रजिस्टरवर आहे. वर्ष तर होऊ द्या."

"नोटिशीत वर्षाचं लिहिलेलं नाही."

"लिहिलं नसलं तरी तसंच असतं."

"मग माझ्या अर्जावर तसं लिहून द्या. वर्ष झालं नाही म्हणून घेतला नाही, असं. मी साहेबांना दाखवते."

क्लार्क म्हणाला, उद्या या. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, गर्दी आहे, नंतर या. तिसऱ्या दिवशी त्याने नवीन काढलं, की मोजावाल्याला कधी रात्रीही थांबावं लागतं आणि बायकांना रात्री कामावर ठेवता येत नाही. सरस्वती त्याला म्हणाली, "नोटिशीत आठ ते पाच लिहिलंय. चला, दाखवते." तो उठला नाही. त्याने अर्ज घेतला, वरून खाली वाचला आणि अनुभवाशी येऊन हसला.

"ही घरची कामं इथे लिहायची नसतात, बेन."

"घरचं काम नव्हतं ते. घरात बसून केलं होतं."

तो हसायचा थांबला की नाही, हे बघायला ती थांबली नाही. अर्जावर तारखेचा शिक्का पडलेला तिने पाहिला होता, तेवढं तिला पुरे होतं.

शनिवारी परीक्षा झाली. पाच जण होते. मशिनवरचे तिघे पुरुष, इंदुबाई आणि सरस्वती. पुरुषांमध्ये भेस्तानला राहणारा योगराज होता, तोही खानदेशातलाच, चार वर्षं मशिनवर काढलेला हुशार गडी. जागा त्यालाच मिळणार असं सगळे धरून चालले होते.

तपासणी खात्याचे प्रमुख भूपेंद्रभाई. बारीक अंगाचे, कमी बोलणारे गुजराती गृहस्थ. खोलीत एक काळं कपाट होतं, आतून दिवा लावलेलं, आणि त्यात एक निळा मोजा ताणून बसवला होता. चाळीस बॉबिनांची चाळीस वलयं, मध्ये पांढऱ्या धाग्याची खूण, बाजूला आकडे. एकेकाने आत जायचं, पाच मिनिटं बघायचं, वेगळी वाटणारी वलयं कागदावर लिहायची.

सगळ्यांत जुन्या म्हणून इंदुबाई आधी गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातातला कागद कोरा होता. सरस्वतीजवळून जाताना त्या हळूच म्हणाल्या, "माले तं सगळं एकच दिसस वं." अर्ज भरल्यापासून त्यांनी तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

सरस्वती आत गेली. आधी ती नुसती उभी राहिली. बाहेरच्या उजेडातून आलेले डोळे लगेच खरं सांगत नाहीत, हे तिला ओट्यावरून घरात ये-जा करून माहीत होतं. मग तिने सात, आठ आणि तेवीस लिहिलं. एकतीसशी ती थबकली.

"भाई, हा मोजा उलटा करून बघू का?" तिने विचारलं.

भूपेंद्रभाईंनी मान हलवली. तिने मोजा काढला, आतली बाजू वर केली, पुन्हा ताणला आणि बोटांनी एकतीसचं वलय आडवं ओढलं.

"एकतीस गडद दिसतंय, पण रंग वेगळा नाही," ती म्हणाली. "इथे वीण घट्ट पडलीय. साडीच्या काठाजवळ असंच होतं. हे बॉबिन चांगलं आहे."

भूपेंद्रभाई कपाटापाशी आले. त्यांनीही वलय ओढून बघितलं, सोडलं, पुन्हा ओढलं. मग स्वतःच्या हातातल्या यादीतलं एकतीस त्यांनी पेनने खोडलं.

दुपारी एकेकाला देसाईसाहेबांकडे बोलावलं. साहेब कारखान्याचे मॅनेजर, टेबलावर दोन फोन, समोर अर्ज.

"अकरा आठवड्यांत कंटाळलात पॅकिंगला?" त्यांनी विचारलं.

"कंटाळले नाही, साहेब. खोकी भरायला हात शिकलेत. डोळे रिकामे राहतात."

साहेबांनी अर्जावरून नजर वर केली. "परत आलेल्या चौदा खोक्यांबद्दल तुम्ही आधीच सांगितलं होतं म्हणे."

हा विषय काढायचा नाही असं सरस्वतीने घरूनच ठरवून आणलं होतं. सुपरवायझरला अडकवून वर चढली, असं तिला नको होतं.

"कोणी सांगितलं, साहेब?"

"इंदुबेननी. त्या म्हणाल्या, मला दिसलं नाही, पण हिला दिसतं, हे मी पाहिलंय." साहेबांनी अर्ज उलटा केला. "आणखी काही सांगायचंय?"

"नाही, साहेब. जे येतं ते लिहिलंय."

त्या संध्याकाळी सरस्वती बसमध्ये चढली ती सरळ पुढच्या बाकाशी गेली. इंदुबाईंच्या शेजारची जागा त्या दिवशी रिकामी होती. ती बसली. बस इच्छापोरच्या बाहेर पडली. नंतर इंदुबाई म्हणाल्या, "मना डोया गयात वं. नऊ वरीस डोकं दुखस म्हनीसन बाम चोळी ऱ्हायनू."

"सोमवारले सुट्टी मांगा. मी संगे येसू. चष्मा करी टाकू."

इंदुबाईंनी मान हलवली. सरस्वतीने खोक्यांचा विषय काढला नाही. काढला असता तर त्यांनी तो उडवूनच लावला असता.

बुधवारी फळ्यावर निकाल लागला. जागा योगराजला मिळाली होती.

पॅकिंगच्या बायकांनी सरस्वतीकडे चोरून बघितलं. काहींना बरंही वाटलं असेल. अकरा आठवड्यांत कुणी पुढे जावं, हे सगळ्यांनाच थोडं खुपत होतं. तिने दुपारपर्यंत खोकी भरली. जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडलाच नाही. हात धुतले, पदर नीट केला आणि देसाईसाहेबांच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहिली. शिपायाने दोनदा सांगितलं, साहेब कामात आहेत. ती म्हणाली, थांबते.

साहेबांनी आत घेतलं ते जरा त्रासूनच. "निकाल लागला आहे, बेन."

"वाचला, साहेब. भांडायला आले नाही. माझं कुठे कमी पडलं, ते विचारायला आले."

असं विचारायला त्यांच्याकडे बहुधा कुणी येत नसावं. त्यांनी फाईल काढली. "डोळ्यांच्या परीक्षेत तुम्ही पहिल्या आहात. एक सोडून सगळं बरोबर, आणि ते एक आमचंच चुकलं होतं. पण नुसतं वेगळं दिसून भागत नाही. मशिनमध्ये कुठे बिघाड आहे तेही सांगता आलं पाहिजे. योगराजला मशिन कळतं. तुम्हाला नाही. आणि तुम्ही नव्या."

"नवी मी काही दिवसांनी राहणार नाही," सरस्वती म्हणाली. "मशिनचं सांगा. जेवणाच्या सुट्टीत मी मशिन शिकले तर चालेल?"

"योगराज शिकवत असेल तर शिका."

"आणि साहेब, मी पहिली आले हे माझ्या अर्जावर लिहून ठेवाल का? पुढच्या वेळी कुणाला आठवायचं नाही."

देसाईसाहेबांनी अर्ज पुढे ओढला. मग त्यांनी पेन उघडलं, अर्जाच्या कोपऱ्यात एक ओळ लिहिली आणि खाली सही करून तारीख घातली. सरस्वतीने ती ओळ उलटीकडूनच, टेबलापलीकडून वाचून घेतली. मग ती बाहेर आली.

योगराजला पहिल्यांदा हे अवघड वाटलं. हरलेल्या बाईला शिकवायचं म्हणजे पुढे आपल्याच जागेवर आणून बसवायचं, असं त्याच्या मनात आलं असणार. तो म्हणाला, "ताई, मला वेळ कुठे असतो?" सरस्वती रोज जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं त्याच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहायची आणि सुट्टी संपली की जायची. आत बोलावल्याशिवाय ती आत आली नाही. पाचव्या दिवशी योगराज एका मोज्याशी अडला होता. बारा आणि तेरा वेगळी आहेत की नाहीत, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"ताई, जरा या," तो म्हणाला.

"तेरा," ती म्हणाली. "बारा ठीक आहे, तेराच्या शेजारी म्हणून तसं वाटतंय. मधल्या खुणेवर बोट ठेवा आणि एकट्या तेराकडे बघा."

त्याने बघितलं. मग हसला आणि स्टूल पुढे सरकवलं. त्या दिवसापासून देणंघेणं सुरू झालं. तो तिला मशिनपाशी नेऊन दाखवायचा : इथे धागा तापतो, इथे गार होतो, इथे त्याला पीळ बसतो, ही चकती झिजली की धागा असा दिसतो, तापमान चढलं की तसा. ती त्याला नजर शिकवायची. घरी तिने एक दोनशे पानी वही केली होती. डावीकडे मोज्यात काय दिसलं ते, उजवीकडे मशिनमध्ये काय सापडलं ते. जून उलटेपर्यंत वही अर्धी भरली.

ऑगस्टमध्ये कारखान्यात चार नवीन मशिनं आली आणि योगराजला एकट्याने सगळं आटपेना. फळ्यावर पुन्हा नोटीस लागली. यावेळी अर्ज करणारे सात होते. इंदुबाईंनीही चौथ्यांदा अर्ज केला. जाड काड्यांचा चष्मा लावून त्या परीक्षेला गेल्या आणि चारांपैकी दोन वलयं त्यांना बरोबर सापडली. तेवढ्यावर जागा मिळणार नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी बाहेर येऊन त्या सगळ्यांना ती दोन कुठली, ते सांगत होत्या. देसाईसाहेबांनी त्यांना लेबलांवरचे आकडे तपासायच्या टेबलावर बसवलं. बसून करायचं काम, वर पंखा.

सरस्वतीला यावेळी फार प्रश्न विचारले नाहीत. भूपेंद्रभाईंनी दोन मोजे दाखवले आणि मशिनमध्ये काय बिघडलं असेल ते विचारलं. तिने दोन्हींचं सांगितलं. एकात शंका होती, तिथे शंका आहे असंही सांगितलं. नेमणुकीचं पत्र हातात पडलं तेव्हा तिने ते आधी नीट वाचलं. त्यात तीन महिने चाचणीवर असं होतं. ती क्लार्ककडे गेली आणि तीन महिन्यांनंतर काय, हेही त्यात लिहायला लावलं. क्लार्कने या खेपेला वाद घातला नाही. टाइपरायटरमध्ये नवा कागद घातला.

पुढे सहा वर्षं ती त्या खोलीत होती. पण तिची ओळख कारखान्याला पटली ती पहिल्याच महिन्यात.

गणपती जवळ आले होते, मालाची घाई होती. दारात ट्रक उभा, आणि तीन नंबर मशिनच्या लॉटमधली तीन बॉबिनं सरस्वतीने दुय्यम ठरवली. त्यामुळे मशिनच्या त्या बाजूचा सगळा माल उघडून पुन्हा तपासावा लागणार होता. शिफ्टचा इन्चार्ज तरातरा खोलीत आला. योगराज त्या दिवशी रजेवर होता.

"कालपर्यंत खोकी भरत होतीस," तो म्हणाला. "आज माझा माल अडवतेस? पास कर. ट्रक थांबलाय."

सरस्वतीने रजिस्टर मिटलं नाही. ती उठली, काळ्या कपाटातला दिवा लावला आणि मोजा ताणून बसवला.

"तुम्ही बघा," ती म्हणाली. "तुम्हाला एकसारखा दिसला तर पास लिहा आणि खाली सही करा. माझी सही मी करणार नाही."

इन्चार्ज कपाटापाशी गेला. चिडलेला होता, तरी कामातला माणूस होता. त्याने वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"नऊ आणि दहा," तो शेवटी पुटपुटला.

"आणि सोळा," सरस्वती म्हणाली.

त्याने पुन्हा वाकून बघितलं. मग बाहेर जाऊन हमालांना खोकी उतरवायला सांगितली. त्या दिवशी ट्रक बावीस खोकी कमी घेऊन गेला.